कायमचा शिकाऊ

“तसा बघूक गेला तर...” असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट वर करायचा, आणि समोरचा माणूस अनुभवी असेल तर बसायला जागा शोधायचा. कारण यानंतर उत्तर एका वाक्यात संपल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. “चहा घेणार का?” एवढंच विचारलं तरी बोट वर. “तसा बघूक गेला तर चाय माका सोसणा नाय,” इथून सुरुवात व्हायची. मग त्याच्या काकाचं पित्त, त्या पित्तावर वैदूने दिलेलं मूळ, ते मूळ खाऊन काका तीन दिवस झाडावर कसा बसला होता, असं सगळं होऊन गाडी पुन्हा चहावर यायची. आणि चहा तो घ्यायचाच. फक्त तोवर तो निवलेला असायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाळीच्या नळावर असतात, ट्रामच्या थांब्यावर असतात, लग्नात तर हमखास आपल्याच शेजारच्या पाटावर असतात. पण या सवयीपायी परदेशी ठरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला. नुसता पाहिला नाही, काही वर्षं त्याच्या शेजारी बसून प्रभादेवीपासून गिरगावापर्यंत सगळी मुंबई हिंडलो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी तेव्हा प्रभादेवीला एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कारकून होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दोन-तीन अवाढव्य कढया आणि कपड्यांतून कधीही न जाणारा काढ्याचा वास. बायको म्हणायची, तुम्ही चाळीच्या जिन्यात शिरलात की वरच्या मजल्यावर माणसांचे खोकले थांबतात.

दुकानांत माल पोचवायला मालकांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि परवाना काढायला मला पाठवलं. मी गिरगावातला. आमच्या घराण्यात कोणी बैलाचा कासराही हातात धरलेला नाही. परीक्षेच्या दिवशी साहेबांना शिंकांची उबळ आली. त्यांनी डोळे पुसून समोर पाहिलं तेव्हा गाडी योगायोगाने सरळ उभी होती. मी पास झालो. त्याच आठवड्यात मी दादरला व्हॅन फुटपाथवर चढवली आणि एका फुलवाल्याच्या झेंडूच्या टोपल्यांत नेऊन थांबवली. कोणाला लागलं नाही. व्हॅन मात्र झेंडूने मढून कारखान्यात परत आली. “चला, गाडीची पूजा झाली,” मालक म्हणाले. ते सज्जन होते. मी त्यानंतर चाकाला हात लावला नाही.

हा बोट वर करणारा आमच्याकडे बाटल्या भरायच्या खात्यात होता. पेंढा घालून खोक्यांत आसवांच्या बाटल्या रचायच्या, हे त्याचं काम. माणूस सावंतवाडीकडचा, सडपातळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. पूर्वी गावाकडे एका लॉरीवर क्लीनर होता, तिथे गाडी शिकला होता. एके दिवशी आवारात आडवी उभी असलेली व्हॅन त्याने सहज म्हणून मागे घेतली. आतली एक बाटली वाजली नाही. मालक खिडकीतून बघत होते.

मग अशी व्यवस्था ठरली. त्याने शिकाऊ परवाना काढायचा, व्हॅनला पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी लावायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानेवाला माणूस बसला पाहिजे, असा नियम. तर तिथे मी बसायचं. ज्याला गाडी येत होती त्याच्याकडे परवाना नव्हता आणि ज्याच्याकडे परवाना होता त्याला गाडी येत नव्हती. आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर होत होतो. कायद्याच्या दृष्टीने त्याचं शिकणं चालू होतं. औषधं आपली शिकता शिकता पोचत होती.

कायद्याने मी शिकवणारा, म्हणून तो मला ‘मास्तर’ म्हणायचा.

“मास्तर, आता खंय वळू?”

“डावीकडे घे.”

“डावीकडसून ट्राम येता.”

“मग उजवीकडे.”

“उजवीकडे भिंत आसा, मास्तर.”

माझं शिकवणं हे असं. पण त्याने ते कधी हसण्यावारी नेलं नाही. वळण घेऊन झालं की “बरा सांगलात” असं गंभीरपणे म्हणायचा.

तो काही फार गुणी चालक होता असं नका समजू. हातगाडीवाला आडवा आला तर भोंगा वाजवायच्या ऐवजी थांबून त्याची चौकशी करायचा. नायगावात एकदा रस्त्यात बसलेल्या गाईसाठी आम्ही इतका वेळ थांबलो, की शेवटी गाईलाच संकोच वाटला असावा. आणि दर दुकानापुढे गाडी थांबली की आधी वरच्या आरशात मिशी विंचरायची, मग उतरायचं. आरसा मागचं दिसावं म्हणून असतो, हे मी मास्तर या नात्याने त्याला अनेकदा सांगितलं.

दारूबंदीचा काळ होता. व्हॅन भरून द्राक्षासव घेऊन आम्ही लालबागला चाललो असताना एका पोलिसाने अडवलं. “आत काय आहे?” मी “औषध” म्हणून मोकळा झालो होतो. पण बोट वर गेलंच. “तसा बघूक गेला तर, दारवेचो अंश आसाच तेच्यात.” पोलिसाने एक बाटली उघडायला लावली, घोट घेतला आणि तोंड असं केलं की आम्हाला पुढचे सहा महिने त्याने सलामच ठोकला. त्याला वाटलं असावं, बिचारे हे रोज पितात.

मोर्चे तर रोजचेच होते. लालबागला एकदा व्हॅन मोर्च्यात सापडली. पोरांनी बॉनेटवर थाप मारून विचारलं, “मुंबई कोणाची?” याचं उत्तर तेव्हा पाळण्यातल्या पोराला पाठ होतं. याने बोट वर केलं.

“तसा बघूक गेला तर, कोळ्यांची.”

मी घाईघाईने खिडकीची काच वर चढवायला लागलो. पण गर्दीतला एक म्हातारा गिरणी कामगार आधी हसला. “अरे, खरा ता बोललो तो,” म्हणाला. मग सगळेच हसले आणि आमच्या व्हॅनला झेंडा बांधून वाट करून दिली. पुढे गेल्यावर तो म्हणाला, “मास्तर, बेळगाव मागतत, कारवार मागतत. आमचा आजोळ कोण मागणा नाय?”

“कुठलं तुझं आजोळ?”

“खाडयेपलीकडे. फिरंग्याच्या राज्यात.”

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. “ते दिल्लीला विचार,” मी म्हटलं, आणि विसरून गेलो.

काही महिन्यांनी शिकाऊपणाची मुदत संपत आली तेव्हा पक्का परवाना काढायला आम्ही कचेरीत गेलो. गाडीची परीक्षा त्याने अशी दिली, की साहेबांनी उतरताना त्याच्या पाठीवर थाप मारली. राहिली एक खिडकी. खिडकीमागच्या कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, “जन्म कुठला?”

आता आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर काय देतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गाव म्हणजे बापाचं गाव. त्याचं गाव आरोंदा, तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडच्या काठावरचं. आरोंदा म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या कोणीही तेच केलं असतं. पण माझ्या डोळ्यांदेखत बोट वर गेलं.

“तसा बघूक गेला तर साहेब, गाव आरोंदा. पण माजो जल्म थंयलो नाय. पयला बाळंतपण माहेराक करतत नाय? माज्या आवशीचा माहेर खाडयेच्या पलीकडे, पेडण्याच्या बाजूक. नववो म्हयनो, होडयेत बसली ती. आणि वारो असो...”

रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. गोष्ट तो सांगायचा छानच. कारकुनाने मात्र टाक खाली ठेवला.

“खाडीपलीकडे म्हणजे पोर्तुगीज हद्द.”

“साहेब, आमका तेव्हा हद्द म्हणजे खाडी. भरती इली काय पाणी, ओहोटी इली काय चिखल.”

कारकून हसला नाही. “म्हणजे तुम्ही जन्माने परदेशी. आधी पोलिसांत परदेशी म्हणून नोंद करा, राहायची परवानगी आणा. मग पक्क्या परवान्याचं बघू. तोवर शिकाऊवरच चालवा.”

त्याला मी दोष देत नाही. गोव्याच्या सीमेवर सत्याग्रह होऊन गेले होते, नाकेबंदी होती, वर्तमानपत्रांत रोज काहीतरी असायचं. कोणाला परवाना द्यावा आणि कोणाला नाही याचे नियम त्यालाही नीट उमगले नसावेत, आणि न उमगलेल्या ठिकाणी कारकून नेहमी ‘नाही’ म्हणतो. मी कारकून होतो, मला माहीत आहे.

परदेशी म्हणून नोंद करायला तो काही तयार होईना. “सही करू? आणि उद्या म्हणाले, जा आता तुज्या देशाक, तर? माजो देस लालबागाक आसा. दुसऱ्या माळ्यार.” धाकटा भाऊ आरोंद्याला जन्मलेला, त्यामुळे तो इथला. “एकाच आवशीचे दोघे,” तो कारखान्यात सांगायचा, “भाव हिंदी आणि मी फिरंगी.” मग सगळे त्याला फिरंगी म्हणायला लागले. त्याने ते हसून घेतलं. शिकाऊ परवाना पुन्हा काढला, मुदत संपली की पुन्हा काढला. लाल ‘एल’ उन्हाने गुलाबी झाला, तेव्हा त्यावर नवा रंग दिला.

परळच्या नाक्यावर एक वाहतूक हवालदार असायचे. पिवळी टोपी, भारदस्त पोट, मूळ गाव कुडाळ. ते आमची व्हॅन दिसली की हात आडवा करायचे.

“अजून शिकतंस?”

“होय, हवालदारानु.”

“कोण शिकवता?”

“ह्ये मास्तर.”

हवालदार वाकून माझ्याकडे बघायचे. “बरेच शिकवतत वाटता,” म्हणायचे आणि सोडायचे. पुढे पुढे हात आडवा होण्याआधीच तो व्हॅन थांबवायला लागला. त्याचं कारण मला उशिरा कळलं. हवालदार राहायचे नायगावला पोलीस वस्तीत, आणि त्यांचा जेवणाचा डबा घेऊन त्यांची मुलगी नाक्यावर यायची. अख्ख्या मुंबईत कधी बंद न पडणारी आमची व्हॅन परळच्या नाक्यावर नेमकी डब्याच्या वेळेला बंद पडू लागली. तो खाली उतरून बॉनेट उघडायचा. मिशी आधीच विंचरलेली असायची. मुलगी डबा देऊन जाताना एकदा म्हणाली, “बाबा, ह्येंच्या गाडयेक औषधाची गरज आसा. आत खोके भरान आसत, एक पाजा म्हणा.” त्याने उघडलेलं बॉनेट तसंच परत लावलं. मी मनात त्या मुलीला शंभरपैकी शंभर दिले.

हवालदार काही दुधखुळे नव्हते. एके दिवशी त्यांनी खिडकीत डोकं घातलं, माझ्यादेखतच.

“चेडू दितंय तुका. तेचा पण मन आसा. पण शिकाऊ जावई माका नको. वस्तीत लोक इचारतले, जावई काय करता, तर काय सांगू? शिकता? पक्को परवानो दाखव, आणि वरात काढ.”

यावर त्याने बोटही वर केलं नाही. त्या दिवशी गिरगावापर्यंत त्याने एकदाही गाडी बंद पाडली नाही की आरशात मिशी पाहिली नाही. मला गंमत वाटत होती, आणि काळजीही वाटत होती. इतके दिवस परवाना नव्हता तर नव्हता. आता त्या एका कागदावाचून त्याचा संसार अडला होता.

हवालदारांनीच उपाय सांगितला. “एक शब्द बोल. आरोंदा. आणि मगे तोंड शिवान टाक.” कचेरीला जाताना मी वाटभर कारकून झालो. “जन्म कुठला?” “आरोंदा.” “जन्म कुठला?” “आरोंदा.” दादरला नीट आलं, पुढच्या चौकात नीट आलं. खिडकीपुढे बोट मुठीत घट्ट धरून ठेव, असं मी बजावलं.

खिडकीत या वेळी दुसरा माणूस होता, वयस्कर, बोलायला मऊ.

“जन्म कुठला?”

“आरोंदा.”

मी श्वास सोडला. त्याने टाक दौतीत बुडवला आणि सहज वर पाहिलं. “आरोंद्यालाच ना? आईच्या माहेरी वगैरे नाही ना? विचारावं लागतं हो. तिकडे हद्दीचा फार घोळ असतो.”

नुसती मान हलवायची होती. मी मागून त्याचा सदरा ओढला. बोट वर गेलं नाही. तो खिडकीच्या गजांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, “नाय साहेब. आरोंद्याक नाय.”

एवढंच. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लहान उत्तर.

व्हॅनमध्ये बसल्यावर मी भडकलो. मी तसा शांत माणूस नाहीच. “एक मान हलवायची होती,” म्हटलं, “नंदीबैलसुद्धा हलवतो. तिकडे ती मुलगी वाट बघतेय, आणि तू इथे हरिश्चंद्र होतोस?”

त्याने गाडी सुरू केली नाही. चाकावर हात ठेवून बसला.

“मास्तर, माजी आवस मी ल्हान असताना गेली. फोटो नाय. आवाज कसो व्हतो, आठवणा नाय. ही एक गोष्ट तेवढी आसा माज्याकडे. ती सांगायची माका, निजवताना. नववो म्हयनो, खाडी, वारो. होडी अशी हालता की होडीवालो भियालो. म्हणता, ‘बाय, हंयच काय झाला तर मी काय करू?’ आणि ती हसता. म्हणाली, ‘तू होडी बघ रे. माजो झिल शाणो आसा, आजयेच्या हातात जायसर खाली येवचो नाय.’ आणि नाय इलंय मी. पोचली ती, तेव्हाच इलंय.” त्याने चाकावरची धूळ बोटाने पुसली. “खिडकेर मी आरोंदा म्हटलंय, तर ती होडयेत बसलीच नाय, असा होता. इतक्या वाऱ्यात बसली ती फुकट?”

मला त्याच्या आईचं कौतुक वाटत होतं, आणि त्याचा राग तर अजून गेला नव्हता. दोन्ही एकदम होतं असं मला तोवर ठाऊक नव्हतं. “आणि हवालदारांची मुलगी?” मी विचारलं.

“ता पण आसाच,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने व्हॅन झटका देऊन सुरू केली. माझ्यासारखी.

नाक्यावर हवालदारांना मी सगळं सांगितलं, होडीसकट. ते रागावतील असं वाटलं होतं. ते टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले, दोन्हीकडची वाहनं खोळंबली. मग म्हणाले, “रविवारी दोघेय घराक येवा.” मला वाटलं, झालं. चहा देऊन नकार देणार.

नायगावच्या त्या खोलीत आम्ही खाटेवर अंग चोरून बसलो. मुलगी आतल्या दाराआड होती. बांगड्या वाजत होत्या त्यावरून कळत होतं. हवालदारांनी बशीत चहा ओतला.

“आवशीची गोष्ट आयकलंय. बरी आसा,” ते म्हणाले. “आता बापाशीची सांग. सोयरीक करूची म्हणजे बापूस इचारूक व्हयो.”

“बापाशीची कसली गोष्ट?” तो म्हणाला. “आरोंद्याक जल्मलो, आरोंद्याक मेलो. मधी दोनदा सावंतवाडीचो बाजार बघल्यान. संपली.”

हवालदारांची बशी तोंडापाशी थांबली.

“कोण जल्मलो आरोंद्याक?”

“बापूस.”

“आणि ह्या तू खिडकेर सांगलंस?”

“कोणी इचारूकच नाय. आणि तेच्यात सांगण्यासारखा काय आसा?”

मी कपाळावर हात मारला. काकाच्या पित्ताची हकिगत ट्रामच्या कंडक्टरला सांगणारा हा माणूस! जगातल्या प्रत्येकाला त्याने आपल्या जन्माची होडी दाखवली होती, आणि कामाची तेवढी एक गोष्ट गाळली होती. का, तर त्यात गोष्ट नव्हती म्हणून. आत बांगड्या खळखळून वाजल्या. हसत होती ती.

हवालदार म्हणाले, “माका कायदो कळणा नाय. पण बापूस हंयचो, आजो हंयचो, आणि झिल फिरंगी? असा खंय आसता?” सोमवारी ते स्वतः गणवेश चढवून आमच्या व्हॅनमध्ये बसले. पुढे तिघं मावेनात, तर मास्तर मागे खोक्यांवर.

कचेरीत त्यांनी खिडकीकडे पाहिलंही नाही, थेट मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून एक जाडजूड पुस्तक मागवलं, चष्मा वर करून वाचलं.

“वडील इथे जन्मलेले आणि हा लहानपणापासून इथेच राहणारा. मग घटना लागू झाली त्याच दिवशी हा इथला नागरिक झाला. याला परदेशी कोण म्हणालं?”

बोट वर गेलं. “तसा बघूक गेला तर, साहेब...”

हवालदारांनी त्याच्या पायावर आपला बूट ठेवला.

पक्का परवाना हातात पडल्यावर तो कचेरीच्या पायरीवर बसला. मी विचारलं, “खूश ना?” तो म्हणाला, “मास्तर, साहेबांनी जल्माचा गाव इचारल्यानी, तेव्हा मी पलीकडलाच सांगलंय. आणि तेंनी ता तसाच लिवल्यानी.” लग्नाचा विषय त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग एकदम उठला आणि मिशी विंचरायला व्हॅनच्या आरशाकडे गेला.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. लालबागला रोषणाई होती, ती आपल्या लग्नाची समजून त्याने बायकोला दाखवली. वरातीला आमचीच व्हॅन होती. “मास्तर, आज झेंडू वरसून घातलेले आसत, खालसून नाय,” तो मला म्हणाला. निघण्याआधी त्याने लाल ‘एल’ची पाटी सोडली आणि माझ्या हातात दिली. “ही तुमका.” मी समजलो, चेष्टा करतोय.

पुढे गोवा मोकळा झाला. त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष नव्हतं. खोक्यात पेंढा घालायचाच विसरला. मग बायकोला घेऊन थोड्या दिवसांच्या रजेवर गेला, ‘जल्मलो ता घर बघूक’. तो परत आलाच नाही. होडीच्या धक्क्यावरून पलीकडे गावोगाव जाणारी एक बस होती, तिला ड्रायव्हर हवा होता. पक्का परवाना बघून त्यांनी याला हाताला धरून बसवलं, असं हवालदारांनी सांगितलं. कारखान्यात आम्ही खूप हसलो. ती बस थांब्याथांब्यावर किती वेळ उभी राहत असेल, यावर पैजा लागल्या. पण चहा आला की माझं लक्ष दाराकडे जायचं. कोणी बोट वर करायचं नाही, चहा गरम गरम प्यायला मिळायचा, आणि मला तो आवडेनासा झाला.

मालकांनी नवा माणूस शोधला नाही. “परवाना तुमच्याकडे आहे की,” म्हणाले. मी एका सकाळी घरून ती लाल पाटी आणली, पुसली आणि व्हॅनला बांधली. कायद्याने मला तिची गरज नव्हती. पण कायदा आणि मी, दोघांनी मिळून दादरचा झेंडू पाहिलेला होता.

परळच्या नाक्यावर हात आडवा झाला. मी दाबायचं ते सोडून भलतंच दाबलं आणि व्हॅन बंद पडली. हवालदार आले. त्यांनी पाटी पाहिली, मला पाहिलं, शेजारची रिकामी जागा पाहिली.

“अजून शिकतास?”

“होय.”

“आणि मास्तर खंय?”

माझं बोट आपोआप वर गेलं. “तसं बघायला गेलं तर, हवालदार...” एवढं म्हणालो तोच मागे ट्रामची घंटा वाजायला लागली. हवालदारांनी तिकडे बघितलं नाही.

“चेडू येतला पुढच्या म्हयन्यात,” ते म्हणाले. “पयला बाळंतपण माहेराक. तोच तेका घेवन येतलो. आधी होडयेन खाडी, मगे मोटार.”

“खाडीला वारा नसला म्हणजे झालं,” मी म्हणालो.

“असूं दे वारो,” हवालदार म्हणाले. “पोराक सांगूक कायतरी व्हया.”

मग ते रस्त्याच्या मधोमध गेले आणि माझी व्हॅन सुरू होईपर्यंत दोन्ही बाजूंच्या ट्राम अडवून उभे राहिले.